भिंतीपलीकडची सालूमाय

सालूमाय माझ्याशी पहिल्यांदा बोलली ती ओरडूनच. कढईतलं तेल माझ्या हातावर उडालं होतं आणि सासूबाईंनी घाईघाईनं दौतीतली निळी शाई त्यावर ओतली होती. भाजल्यावर शाई लावायची, हे आमच्याकडं सगळ्यांनाच ठाऊक. भिंतीपलीकडून माझं विव्हळणं ऐकून ती आली, अंगणात उभी राहिली, माझा निळा हात पाहिला आणि म्हणाली, "हे काय? हातावर शाळा भरवायची हाय का?"

मग तिनं हात धुतला, मलम लावलं, स्वच्छ फडकं गुंडाळलं. मी दातावर दात दाबून बसले होते. सासूबाई धीर द्यायला म्हणाल्या, "काही दुखत नाही हं, झालंच आता." सालूमायनं मान वर केली. "दुखत न्हाय कसं? तिला दुखतंय. दुखतंय म्हणा." आणि माझ्याकडं वळून अगदी हळू आवाजात म्हणाली, "दुखतंय व्हय बाई? दुखणारच. लई दुखतं भाजलेलं."

ती पायरी उतरली तशा सासूबाई तांब्या घेऊन बाहेर आल्या. सालूमाय ख्रिस्ती, आणि ख्रिस्ती होण्याआधी तिचे आईबाप गावकुसाबाहेरचे. ती गेल्यावर ओसरीवर पाणी शिंपडायचं हे ठरलेलंच होतं. तिनं मागं वळून पाहिलं आणि म्हणाली, "शिंपडा सासूबाई, पण उकळून शिंपडा. आडाच्या पाण्यात किडे झालेत." सासूबाई तांब्या धरून तशाच उभ्या राहिल्या. शिंपडावं की न शिंपडावं, ते त्यांना त्या दिवशी शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.

तिचं खरं नाव सलोमी. गावानं त्याची सालूमाय केली होती. तोंडावर 'तुम्ही', पाठीमागं 'ती'. आमचं गाव नळदुर्गहून जळकोटकडं जाणाऱ्या सडकेपासून थोडं आत. निजामाचा अंमल होता. माझे यजमान तिथल्या शाळेत मास्तर. पुस्तकं उर्दूतली, पोरं मराठी आणि कानडी बोलणारी, अशी ती शाळा. आमच्या घराला लागून मिशनचा दवाखाना होता, दोन खोल्यांचा, आणि त्याच आवारात पत्र्याचं एक प्रार्थनाघर. दवाखाना बांधणाऱ्या गोऱ्या मडमबाई महायुद्ध सुरू झाल्यावर मायदेशी गेल्या त्या परत आल्याच नाहीत. सोलापूरहून मधूनमधून औषधांची पेटी यायची, कधी पाद्रीसाहेब यायचे. बाकी सगळं सालूमाय. तिचा नवरा आणि एकुलता एक मुलगा प्लेगात गेले होते. त्याबद्दल ती बोलत नसे.

बाई काळी, उंच, हाडकुळी. पांढरं लुगडं, अनवाणी पाय. स्वभाव म्हणाल तर फटकळ. रोग्याजवळ बसून रडणाऱ्या नातेवाइकांना ती दंडाला धरून बाहेर काढायची. "रडायचं तर पिंपळाखाली रडा. इथं रडायची पाळी त्याची हाय." मिसरी लावायचं तिला भारी व्यसन. पाद्रीसाहेबांना ते चालत नसे, म्हणून मिसरीची डबी ती आयोडिनच्या बाटलीमागं लपवायची, आणि साहेब समोर बसलेले असताना तोंड मिटून सगळ्या प्रश्नांना नुसती मान हलवायची. स्वयंपाक तर इतका वाईट करायची की रोग्यांना तिच्या हातचं खायला लागू नये म्हणून मी भिंतीवरून भाकरी द्यायला लागले. त्या भिंतीला एके जागी खिंडार होतं. आमचं सगळं बोलणं, देणंघेणं तिथूनच चालायचं.

सकाळी प्रार्थनाघरातून तिचा आवाज यायचा. आधी भजन, तेही बेसूर. मग प्रार्थना. ती प्रार्थना म्हणजे शेजारणीशी भांडण असावं तशी. "त्या लमाणाच्या पोराचा ताप उतरवतो म्हणाला व्हतास, कुठं उतरवलास? मी रातभर बसले, तू कुठं व्हतास?" मला हसू यायचं. सासूबाई म्हणायच्या, "देवाशी असं बोलतात का कुणी?" पण त्याही कान देऊन ऐकायच्या.

एकदा उत्तम शुक्रवारी, म्हणजे येशूला क्रुसावर दिलं त्या दिवशी, मी तिला गावाबाहेरच्या वाटेवर जाताना पाहिलं. तिथं एका खोपटात महारोग झालेली म्हातारी राहायची. सालूमाय तिच्याकडं एरवीही जायचीच, पण त्या दिवशी काही न खाता, सगळ्यांच्या आधी तिच्याकडं. दुपारी खिंडाराशी आली तेव्हा मी विचारलं, आजच का? ती दगडावर टेकली.

"मास्तरीणबाई, लोकांना वाटतं तो देव व्हता म्हणून त्याला लागलं नसंल. खिळे ठोकले तवा त्याला लागलं हो. लई लागलं. 'मला तहान लागली' म्हणाला. देव असून पाणी मागितलं. तवापासून ज्याला दुखतंय त्याच्याजवळ तो बसलेला असतो. मला त्याला भेटायचं असलं की मी तिथंच जाते. प्रार्थनाघरात तो कमीच असतो." मग एकदम लाजल्यासारखी झाली. "पाद्रीसाहेबाला सांगू नका."

एवढं एकसलग ती माझ्याशी तेव्हाच बोलली.

मग ते वर्ष आलं. देश स्वतंत्र झाला होता, आणि आम्ही मात्र निजामाच्याच राज्यात. सोलापूरच्या हद्दीवर स्वातंत्र्यवाल्या पोरांच्या छावण्या होत्या. इकडं गावोगाव निजामाचं राज्य राखायला निघालेल्या, खाकी घातलेल्या, बंदुका-तलवारी घेतलेल्या टोळ्या फिरायच्या. संध्याकाळच्या आत जनावरं घरात, माणसं घरात. शेजारच्या गावात जाळपोळ झाली की आमच्या माळावरून धूर दिसायचा. बायका बोलताना आवाज खाली आणायच्या, आणि कुत्रं भुंकलं तरी हातातलं काम थांबायचं.

आमच्या गावात शिवाप्पा नावाचे लिंगायत वाणी होते. किराणा आणि घासलेटचं दुकान. त्यांचा धाकटा भाऊ मल्लाप्पा, विशीपंचविशीचा, छावण्यांना निरोप पोचवायचा. गावात हे बऱ्याच जणांना माहीत होतं. महबूबलाही होतं. हा महबूब म्हणजे कापूस पिंजणाऱ्या हलीमाबीचा मुलगा, मल्लाप्पाच्याच वयाचा, लहानपणी त्याच्याबरोबर विटीदांडू खेळलेला. तो त्या वर्षी खाकीवाल्यांत गेला होता. एका दुपारी त्यानं टोळीला आणून शिवाप्पांचं घर दाखवलं.

मल्लाप्पाला त्यांनी दुकानासमोर आडवा पाडून मारलं. गुडघा फुटला. टोळी गेल्यावर चौघांनी त्याला बाजेवर घालून दवाखान्यात आणलं. त्याचं ओरडणं मी घरात ऐकत होते आणि त्या ओरडण्याच्या खालून सालूमायचा आवाज, एकसारखा, "व्हय बाळा, दुखतंय, लई दुखतंय, ओरड." तिनं बांबूच्या कामट्या लावून पाय बांधला.

दुसऱ्या दिवशी सकाळी टोळी परत आली. त्यांना मल्लाप्पा ठाण्यावर न्यायचा होता. मी खिंडाराशी वाकून बसले होते. सालूमाय दवाखान्याच्या दारात उभी राहिली. टोळीचा म्होरक्या बाहेरगावचा, दाढीवाला, पुढं झाला.

"हट बुढिया."

"न्या की," सालूमाय म्हणाली. "पण हाड जुळस्तोवर त्याचा पाय असा सरळ धरून बसायला माणूस लागंल. तुमच्यातला कोण बसतो, ते सांगा. मी त्याला दाखवते कसा धरायचा."

त्यानं बंदुकीचा दस्ता तिच्या तोंडावर मारला. ती चौकटीला आपटली, पण दारातून हलली नाही. तिनं हातात थुंकून पाहिलं. रक्तात एक दात होता. तो तिनं पदराच्या टोकाला बांधला, जणू हरवायला नको अशी वस्तू. मग ती वळली, मल्लाप्पाच्या अंगावरचं पांघरूण काढलं आणि बाजूला झाली. "बघा. बघून ठरवा."

गुडघ्याच्या जागी काय होतं ते मला दिसलं नाही. त्यांना दिसलं. महबूब सगळ्यांत मागं होता. तो वळला आणि भिंतीला हात टेकून ओकला. म्होरक्याला त्याची लाज वाटली की आणखी काही, कोण जाणे. "कल आएंगे," एवढं म्हणून तो निघाला. त्याच दुपारी शिवाप्पांनी भावाला बैलगाडीत कडब्याखाली झोपवून हद्दीपलीकडं सोलापूरला पोचवलं.

टोळी दिसेनाशी झाल्यावर मी पलीकडं गेले. सालूमाय जमिनीवर बसली होती. मिसरीची डबी उघडायचा प्रयत्न करत होती आणि हात थरथरून झाकण काही निघत नव्हतं. मी उघडून दिली. तेव्हा मला कळलं, ही बाई आमच्याइतकीच भित्री आहे. फक्त तिची भीती काम संपल्यावर यायची.

रविवारी तिनं प्रार्थनाघरात त्या महबूबसाठी प्रार्थना केली. ही बातमी शिवाप्पांपर्यंत गेलीच. ते तणतणत आले.

"माय, माझ्या भावाला लंगडा करणाऱ्यासाठी तुम्ही देवाकडं भलं मागता?"

"भलं न्हाय मागितलं," ती सुजलेल्या तोंडानं म्हणाली. "त्याला झोप लागू देऊ नको म्हणून मागितलं. डोळा लागला की माणूस विसरतो."

शिवाप्पा आल्या पावली परत गेले.

भाद्रपदात हिंदुस्थानची फौज सोलापूरकडून आली. नळदुर्गच्या बाजूनं तोफांचे आवाज ऐकू आले आणि बघता बघता निजामाचं राज्य संपलं. रस्त्यावरून रणगाडे गेले, आम्ही बायकांनी फौजेला ओवाळलं. मास्तर लहान पोरासारखे रडले. पण फौज पुढं गेली, आणि मागं जे उरलं त्याबद्दल पुढं फारसं कुणी बोललं नाही. ज्यांनी सोसलं होतं ते उठले, आणि ज्यांनी काहीच सोसलं नव्हतं तेही उठले. आधी खाकीवाल्यांना शोधलं. ते बहुतेक पळाले होते. मग जे पळाले नव्हते त्यांची घरं शोधली. विणकर, पिंजारी, शेतमजूर. कुऱ्हाडी आता दुसऱ्या हातात होत्या, आणि आम्ही पुन्हा आवाज खाली आणून बोलायला लागलो.

हलीमाबी एका सकाळी दवाखान्यात धावत आली. डोक्यावर ओढणी नाही, पायात काही नाही. "माय, मेरा महबूब फड में पडा है. मर रहा है माय."

ओढ्याकाठच्या उसात तो लपला होता, तिथंच त्याच्या मांडीवर कुऱ्हाड बसली होती. सालूमायनं दोन ख्रिस्ती माणसं बरोबर घेतली, दवाखान्याचा पुढचा दरवाजा बिजागरीतून काढला आणि त्यावर घालून त्याला आणलं. भर उजेडात, गावातल्या रस्त्यानं. मी तिला पुढं कधीतरी विचारलं की मागच्या वाटेनं का नाही आणलं. ती म्हणाली, "मागची वाट लांबची. रक्त चाललं व्हतं."

जमाव यायला फार वेळ लागला नाही. मी पुन्हा खिंडाराशी होते. बाहेरगावचे बरेच होते, आमच्या गावचेही होते. पुढं शिवाप्पा, हातात कुऱ्हाड. ज्या माणसाला मी आयुष्यभर तराजू धरताना पाहिलं, त्याच्या हातात ती कुऱ्हाड विचित्र दिसत होती. दवाखान्याला आता दारही नव्हतं, नुसती चौकट. आत सालूमाय गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी मांडी दाबून धरत होती. हलीमाबी कोपऱ्यात. सालूमायला उठून दाराशी येणं शक्यच नव्हतं. हात काढला असता तर पोरगं तिथंच संपलं असतं.

"माय, बाजूला व्हा," शिवाप्पा म्हणाले.

"मला हात काढता येत न्हाय," ती मागं न बघता म्हणाली. "तुमाला जे करायचं ते माझ्या हाताखालीच करावं लागंल."

कुणीतरी मागून ओरडलं, "तिलाही घ्या." मी डोळे मिटून घेतले.

तेवढ्यात काठीचा आवाज आला. मल्लाप्पा सोलापूरहून नुकताच परत आला होता. एका काठीवर भार देत, पाय ओढत तो गर्दीतून पुढं आला. लोकांनी त्याला वाट करून दिली. त्यांना वाटलं, पहिल्या घावाचा मान त्याचा आहे. तो चौकटीपर्यंत गेला, आत वाकून पाहिलं. महबूबचे डोळे उघडे होते. दोघं एकमेकांकडं बघत राहिले. मग मल्लाप्पा कण्हत कण्हत खाली बसला आणि तो न वाकणारा पाय सरळ करून उंबऱ्यावर आडवा टाकला.

"तम्मा, एळ," शिवाप्पा कानडीत म्हणाले. ऊठ, धाकट्या.

"अण्णा, मला ओलांडून जा."

"अरे, ह्यानंच घर दाखवलं ना! तुझा पाय—"

"माझा पाय मला ठाऊक हाय. मी त्याला माफ केलं न्हाय. तो मेला तर मी जेवायचा थांबणार न्हाय. पण इथं न्हाय. ह्या जागी माझ्यासाठी बाईनं दात दिलाय. इथं तुला जायचं असलं तर मला ओलांड."

सख्ख्या भावाला ओलांडून जायचं म्हणजे त्याला मेलेलाच धरायचं. शिवाप्पांचं पाऊल उचललं नाही. मला अजून त्यांचा श्वास ऐकू येतो. मग त्यांनी कुऱ्हाड खाली टेकवली आणि ते तिथंच, जिथं उभे होते तिथं बसले. पुढचा माणूस बसल्यावर मागच्यांना काय करावं कळेना. काही शिव्या देत निघून गेले, काहींनी जाता जाता हलीमाबीचं छप्पर पेटवलं. कुणी म्हणणार नाही की त्या दिवशी गावाला शहाणपण आलं. पण दवाखान्यात कुणी शिरलं नाही.

संध्याकाळी मी ऊन पाणी घेऊन गेले. मांडी बांधून झाली होती. सालूमाय डबी मांडीवर घेऊन नुसती बसली होती.

"राग नाही आला तुम्हाला त्याचा?" मी विचारलं.

"येतो की. दात गेलेल्या जागी जीभ लागती तवा येतो. पट्टी बांधतानाही लई आला." तिनं फटीतून थुंकल्यासारखं केलं. "म्हणून तर आवळून बांधली. रक्त थांबायला बरं पडलं."

महबूब जगला. थोड्या दिवसांनी फौजेचे शिपाई आले आणि त्याला पकडून धाराशिवच्या तुरुंगात घेऊन गेले. त्यांना सालूमायनं अडवलं नाही. "जे केलं त्याचं उत्तर त्यानं द्यायला पायजे," म्हणाली. फक्त पट्टी कधी बदलायची ते एका शिपायाला तीनतीनदा सांगितलं, आणि तो हसला तेव्हा त्याच्यावर ओरडली.

त्यानंतर गावानं तिच्याकडं जाणं सोडलं. प्रार्थनाघराच्या दाराला कुणीतरी शेण फासलं. ते तिनं धुऊन काढलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा फासलं, पुन्हा धुतलं. शिवाप्पांनी तिला घासलेट देणं बंद केलं. बायका माझ्याकडं यायच्या आणि भिंतीच्या अलीकडं उभ्या राहून मला म्हणायच्या, "पोराला ढाळ लागलेत, विचारा की जरा." मी खिंडारातून विचारायची. ती पलीकडून मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं औषध सांगायची, आणि वर, "त्या पोराच्या आईला म्हणावं, मला दिसतीयास तू." उघडपणे येणारा एकच, मल्लाप्पा. गुडघ्याला तेल लावून घ्यायला यायचा. तेलानं काही होणार नाही, असं ती त्याला दर वेळी सांगायची. तो म्हणायचा, "लावा तरी."

पुढं मास्तरांची बदली धाराशिवला झाली. आम्ही निघालो त्या सकाळी सालूमाय कुणाच्या तरी बाळंतपणाला शेजारच्या वस्तीवर गेली होती. निरोप घेणं राहून गेलं.

तिला मी शेवटची पाहिली ती धाराशिवलाच, तुरुंगाच्या फाटकाशी. हिवाळा होता. मी बाजारातून परत येत होते. लिंबाखाली भेटीला आलेल्यांची गर्दी होती, बायका, म्हातारे, फडक्यात बांधलेल्या भाकरी. त्यात पांढरं लुगडं दिसलं आणि मी थांबले. शेजारी हलीमाबी, अगदी वाकून गेलेली, तिचा हात धरून. काखेत औषधाची पिशवी. मोटारीनं आल्या असाव्यात, दोघींच्या अंगावर धूळ होती. मी हाक मारणार तेवढ्यात त्यांचा नंबर आला.

पहारेकऱ्यानं हलीमाबीला विचारलं. "आई," ती म्हणाली. तिला सोडलं. मग त्यानं काठी आडवी धरली.

"तुम्ही कोण? जात कोणती?"

"ख्रिस्ती."

"मग त्याचं तुमचं नातं काय?"

मला वाटलं, मावशी म्हणेल, आत्या म्हणेल. कुणीही म्हटलं असतं, तिथं रोज शंभर जण म्हणत असतील. सालूमायनं त्या पहारेकऱ्याकडं असं पाहिलं की जणू त्याला साधं गणित येत नाही.

"नातं काय न्हाय. त्याची जखम माझ्याकडं हाय."

मागची माणसं पुढं रेटत होती. पहारेकऱ्यानं काठी खाली घेतली. मोठ्या फाटकात एक बुटका दिंडी दरवाजा होता. ती उंच बाई पिशवी पोटाशी धरून वाकली आणि आत गेली. दिंडी लागली तेव्हा लुगड्याचा पदर बाहेरच अडकून राहिला होता. क्षणभर तो तसाच लोंबत होता, मग कुणीतरी आतून जोरात ओढला आणि तोही गेला.